जपानी श्रोता आणि परदेशी संगीत : बेंजोच्या गावांतून एक आढावा

ध्वनिमुद्रित संगीताच्या विक्रीत अमेरिकेखालोखाल जगात जपानचा क्रमांक लागतो. या देशाची लोकसंख्या साधारण महाराष्ट्राएवढी, साडेबारा कोटींच्या आसपास आहे. तरीही या मोठ्या बाजारपेठेत परदेशी कलाकाराच्या वाट्याला येणारा हिस्सा लहानच राहतो. जपानी श्रोत्याचा बहुतेक पैसा जपानी गायक-वादकांवरच खर्च होतो. दुकानांतही देशी संगीत आणि परदेशी संगीत यांची कपाटे पूर्वापार वेगळी मांडलेली असतात. त्या दुसऱ्या कपाटात जागा कशी मिळवायची आणि मिळालेली कशी टिकवायची, या प्रश्नावर अमेरिका, ब्रिटन, तैवान, कोरिया अशा अनेक देशांतल्या कलाकारांनी गेली साठ वर्षे आपापली उत्तरे शोधली आहेत. भारतीय कलाकारांचाही त्यात वाटा आहे.

मध्य रेल्वेवर कल्याणहून कर्जतकडे वळणाऱ्या मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे लागतात. हा प्रश्न तिथूनही पाहण्यासारखा आहे. गणपतीची मिरवणूक, दहीहंडी, आंबेडकर जयंती, आगरी-कोळ्यांची हळद, काहीही असो, या पट्ट्यात बेंजो पार्टीशिवाय कार्य पुरे होत नाही. त्या पार्टीतले मुख्य वाद्य, म्हणजे बेंजो, मुळात जपानी आहे. जपानी माणसाने बनवलेले आणि त्याच्याच देशात आजही वाजवले जाणारे वाद्य घेऊन जपानी श्रोत्यासमोर उभे राहण्याची संधी जगात फार थोड्या परदेशी वादकांना आहे. पण ही संधी नेमकी किती मोठी आणि ती साधायची कशी, हे कळण्यासाठी आधी ती बाजारपेठ कशी चालते ते पाहावे लागते.

हातात धरता येईल अशा वस्तूवरचे प्रेम हे जपानी संगीतबाजाराचे पहिले वैशिष्ट्य. भारतात कॅसेट-सीडीची दुकाने केव्हाच मोबाइलच्या दुकानांत बदलली. जपानमध्ये मात्र ध्वनिमुद्रणांच्या उलाढालीतला निम्म्याहून अधिक वाटा अजूनही सीडी, रेकॉर्ड आणि ब्लू-रे यांचा आहे. त्याला केवळ हौस कारणीभूत नाही, कायदाही आहे. पुस्तके, वर्तमानपत्रे, मासिके आणि ध्वनिमुद्रिका यांची किरकोळ किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि दुकानदाराने त्याच किमतीला माल विकावा, या व्यवस्थेला तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्याने १९५३ पासून मुभा दिली आहे. नव्या सीडीवर सवलतीची चढाओढ नसल्यामुळे लहान दुकानेही तग धरून राहिली. अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्स ही साखळी २००६ मध्ये बुडाली. पण तिच्यापासून आधीच वेगळी झालेली जपानी शाखा आजही चालू आहे आणि टोकियोच्या शिबुया भागातले तिचे बहुमजली दुकान संगीतप्रेमींचे ठिकाण मानले जाते.

या निश्चित किमतीचा परदेशी कलाकारांवर वेगळाच परिणाम झाला. बाहेरून आयात केलेल्या सीडीला हे बंधन नव्हते, त्यामुळे एकच आल्बम आयात प्रतीत स्वस्त आणि जपानी आवृत्तीत महाग मिळू लागला. ग्राहकाने महाग प्रत घ्यावी म्हणून जपानी कंपन्यांनी तिच्यात भर घातली. एखाद-दुसरे जास्तीचे गाणे आले, गीतांचा जपानी अनुवाद आला, जाणकार समीक्षकाने लिहिलेली टिपणांची पुस्तिका आली. डाव्या कडेला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर कलाकाराची दोन ओळींत ओळख आली. या पट्टीला ‘ओबी’ म्हणतात. जुन्या रेकॉर्डच्या बाजारात ओबी शाबूत असेल तर प्रतीला जास्त भाव येतो, इतके त्या पट्टीला महत्त्व आहे. विकला जाणारा माल केवळ सूर नसतो. ते सूर कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या परंपरेतले, याची नीट लिहिलेली माहितीही त्याच्याबरोबर विकली जाते. आपल्याकडचा लोकसंगीताचा आल्बम बहुधा वादकांची नावेसुद्धा न छापता बाहेर पडतो. जपानी ग्राहकापुढे असा माल अपुरा ठरतो.

दुकानात काम करणारा माणूसही तिथे प्रचारकच असतो. त्याला आवडलेल्या आल्बमशेजारी तो स्वतःच्या हाताने लिहिलेले शिफारशीचे कार्ड लावतो, ऐकण्याच्या यंत्रात ती सीडी ठेवतो. अशा शिफारशीवर अनोळखी नावे विकली जातात. विक्रीची क्रमवारी १९६८ पासून ओरिकॉन ही संस्था काढते. पण लहान परदेशी कलाकाराचा त्या यादीशी संबंध क्वचितच येतो. त्याचा खरा आधार विशिष्ट संगीताची दुकाने, त्या संगीताला वाहिलेली मासिके आणि एकाच प्रकारात खोल शिरलेला श्रोता हाच असतो. हा श्रोता संख्येने थोडा असतो, पण खर्चाला मागे हटत नाही आणि सहसा कलाकाराला सोडून जात नाही.

परदेशी कलाकारांच्या जपानमधल्या इतिहासात द व्हेंचर्स या अमेरिकी वाद्यवृंदाची गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी आहे. ते १९६२ मध्ये पहिल्यांदा जपानला गेले, १९६५ च्या दौऱ्यानंतर तिथे इलेक्ट्रिक गिटारची लाटच आली. त्यांच्या संगीतात शब्द नव्हते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. वाजवायला सोपे असल्याने शाळकरी मुलांनी त्यांच्या धुना उचलल्या. पुढे त्यांनी जपानी गायकांसाठी चाली बांधल्या, त्यांवर जपानी शब्द बसवले गेले आणि त्या जपानी गाणी म्हणूनच गाजल्या. अमेरिकेत त्यांचा बहर ओसरला, पण जपानचे दौरे जवळजवळ दरवर्षी चालू राहिले. २०१० मध्ये जपान सरकारने त्यांना ऑर्डर ऑफ द रायझिंग सन हा सन्मान दिला. सहज शिकता येणारे वादन, न चुकता परत येणे आणि स्थानिक कलाकारांना काही देणे, या तीन गोष्टींवर हा वाद्यवृंद साठ वर्षे टिकला.

बीटल्सने १९६६ मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात कार्यक्रम केला आणि मूळ ज्युदोसारख्या युद्धकलांसाठी बांधलेल्या या वास्तूला संगीताचे मानाचे व्यासपीठ बनवले. पण ते आधीच जगप्रसिद्ध होते, त्यामुळे त्यांच्या उदाहरणातून नवख्याला फारसे काही मिळत नाही. चीप ट्रिक या अमेरिकी बँडचे तसे नाही. स्वदेशात मध्यम यश मिळालेल्या या बँडने १९७८ मध्ये बुडोकानमध्ये केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आधी फक्त जपानसाठी निघाले. त्याच्या आयात प्रतींना अमेरिकेत मागणी आली आणि पुढच्या वर्षी ते तिथे प्रसिद्ध होऊन बँडचे नाव झाले.

आशियाई कलाकारांनी भाषेचा मार्ग धरला. तैवानच्या तेरेसा तेंग १९८०च्या दशकात जपानी गीते जपानी भाषेत गाऊन घराघरांत पोहोचल्या. कोरियाच्या बोआ या गायिकेने लहान वयात जपानी शिकून २००१ मध्ये तिथे पदार्पण केले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचा आल्बम ओरिकॉनच्या यादीत पहिला आला. आजचे कोरियन गट जपानी बाजारासाठी वेगळी जपानी गाणी काढतात, ती याच वाटेने. पण त्यामागे मोठ्या कंपन्यांची वर्षानुवर्षांची गुंतवणूक असते. बदलापूरहून निघालेल्या चार-सहा जणांच्या चमूला ही वाट परवडणारी नाही. त्यांनी तिचा मोह धरू नये.

भारतीय संगीत जपानमध्ये तीन दारांनी गेले. पहिले दार अभ्यासाचे. संगीतशास्त्रज्ञ कोइझुमी फुमिओ यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात राहून संगीताचा अभ्यास केला आणि परतल्यावर लेखन, अध्यापन आणि एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवरचे कार्यक्रम यांतून जगभरचे लोकसंगीत जपानी श्रोत्याच्या कानावर घातले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर आशियाई संगीत जाणून घ्यायला उत्सुक असा एक वर्ग तयार झाला होता. पंडित रविशंकर यांनी शाकुहाची या जपानी बासरीचे वादक यामामोतो होझान यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले, तेही याच वातावरणात. मोठ्या जपानी कंपन्यांनी जगाच्या पारंपरिक संगीताच्या लांबलचक मालिका काढल्या, त्यांत भारताला भरपूर जागा मिळाली.

अभ्यासाच्या या दाराची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जपानी माणसे शिकायला इकडे आली. पंडित शिवकुमार शर्मा यांच्याकडे संतूर शिकलेले ताकाहिरो अराई हे त्यातले ठळक नाव. सतार, तबला, बासरी शिकून गेलेले जपानी वादक आपल्या गावी शिकवतात, छोट्या बैठका भरवतात आणि गुरू किंवा गुरुबंधू आले की त्यांच्या कार्यक्रमाची सगळी जुळवाजुळव करतात. सभागृह, प्रवास, भाषा, तिकिटे, सगळे तेच पाहतात. हिंदुस्थानी संगीताच्या कलाकाराला जपानमध्ये खरा व्यवस्थापक मिळतो तो असा, शिष्याच्या रूपात. फुरसतीत एखादी कला शिस्तीने शिकायला जाण्याची जपानी समाजाची जुनी सवय याच्या मुळाशी आहे. या देशात परदेशी संगीत रुजवायचे तर ते शिकता येईल असे हवे.

दुसरे दार सिनेमाचे. ए. आर. रहमान यांचे संगीत असलेला ‘मुथू’ हा रजनीकांतचा तमिळ चित्रपट १९९८ मध्ये शिबुयाच्या एका चित्रपटगृहात वीसहून अधिक आठवडे चालला. ऑक्टोबर २०२२ मध्ये लागलेल्या ‘आरआरआर’ने जपानमधल्या भारतीय चित्रपटांच्या कमाईचा ‘मुथू’चा विक्रम मोडला. प्रेक्षक टाळ्या-घोषणा देत, वेषभूषा करून, पुन्हा पुन्हा बघायला येत. शांत समजला जाणारा जपानी श्रोता परवानगी मिळाली की किती मोकळा होतो, हे तिथे दिसले. मात्र या यशाचा थेट फायदा संगीतकाराला थोडाच होतो. गाणे चित्रपटाचे म्हणून ओळखले जाते.

तिसरे दार महोत्सवांचे. फुजी रॉक महोत्सव १९९७ मध्ये सुरू झाला, १९९९ पासून तो निगाताच्या नाएबा येथे भरतो. २०२२ मध्ये दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडने तिथे ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्दांसह मेटल संगीत सादर केले. त्या एका सादरीकरणाची जपानी समाजमाध्यमांवर मोठी चर्चा झाली आणि पुढच्या दौऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. २०२५ मध्ये बेबीमेटल या प्रसिद्ध जपानी गटाबरोबर त्यांची गाणी आली. जपानी प्रेक्षकासाठी त्यांनी आपले काही पातळ केले नाही. ओळखीच्या चौकटीत, म्हणजे मेटलमध्ये, अनोळखी ढोल ऐकू आला, हेच त्या प्रेक्षकाला भिडले. बेंजोचा विचार करताना हे उदाहरण सर्वांत जवळचे ठरते, कारण बेंजोच्या बाबतीत चौकट याहूनही ओळखीची आहे.

नागोया शहराच्या ओसू भागात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये बेंजोचे मूळ असलेले ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. त्या वर्षी ताइशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली, त्यावरून हे नाव आले. पोकळ लाकडी पेटीवर तारा ताणायच्या आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून त्यांची लांबी बदलायची, अशी त्याची रचना. कळांवर आकडे असतात, त्यामुळे स्वरलिपी न येणारा माणूसही चार दिवसांत धून काढू शकतो. स्वस्त असल्यामुळे ते जपानभर गेले आणि निर्यात होऊन भारतातही पोहोचले. इथे ते बुलबुल तरंग झाले, बलुचिस्तान-सिंधकडे बेंजू झाले, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि इंडोनेशियातल्या बालीतही त्याची पिल्ले निघाली. मुंबई-ठाण्याच्या मिरवणुकीत त्याचा बेंजो झाला. रवी जाधव यांचा २०१६ चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर आहे.

अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत हळदीच्या रात्री हे वाद्य जवळून पाहिले तर त्याचा प्रवास कळतो. पेटीला पिकअप बसवलेला असतो, त्यातून तार अॅम्प्लिफायरला आणि तिथून टेम्पोवर बांधलेल्या भोंग्यांना जाते. डाव्या हाताची बोटे कळांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. गायिकेचा आवाज जिथे मुरका घेईल तिथे वादक कळ अर्धवट दाबून, झटकन सोडून तीच लकब तारेवर काढतो. मूळ जपानी वादनात एकेक स्वर स्वच्छ, सुटा येतो. इथे स्वर एकमेकांत घसरतात आणि भोंग्याच्या खरखरीमुळे त्याला सनईसारखी धार येते. शेजारी कच्छी ढोल, ताशा आणि ऑक्टापॅड. हा ऑक्टापॅडही जपानीच. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये तो आणला आणि भारतीय ऑर्केस्ट्रांनी तो आपलासा केला. म्हणजे बेंजो पार्टीतली दोन महत्त्वाची वाद्ये जपानमध्ये जन्मलेली आहेत आणि वाजवण्याची रीत मात्र पूर्णपणे इथली आहे.

जपानमध्ये ताइशोगोतो आज बहुतांशी वयस्कर मंडळी वाजवतात. लहान-मोठ्या आकारांचे, वरच्या-खालच्या सप्तकांचे संच करून गटाने बसून वाजवण्याची पद्धत रूढ आहे. तिथल्या श्रोत्याच्या मनात या वाद्याची प्रतिमा आजीच्या शिकवणीची, सौम्य आणि घरगुती. तेच वाद्य उघड्या रस्त्यावर, ढोल-ताशासह, नाचणाऱ्या गर्दीपुढे ऐकू आले तर काय होईल, याचा अंदाज ब्लडीवूडच्या अनुभवावरून बांधता येतो. त्यामुळे या पट्ट्यातल्या वादकांनी जपानकडे पाहताना ‘भारताचे विदेशी संगीत’ असे स्वतःला मांडू नये. ‘नागोयाहून शंभर वर्षांपूर्वी निघालेल्या वाद्याचे ठाणे जिल्ह्यात काय झाले’ ही मांडणी कितीतरी बळकट आहे. ओबीच्या पट्टीवर ती दोन ओळींत मावते, दुकानदाराच्या कार्डावर लिहिता येते, वर्तमानपत्राच्या स्थानिक पानाला हवीशी वाटते.

या मांडणीतून जागाही ठरतात. टोकियोतल्या मोठ्या सभागृहांपेक्षा नागोया आधी. वाद्य जिथे जन्मले त्या ओसू भागात १९७८ पासून दर शरदात रस्त्यावरच्या कलावंतांचा महोत्सव भरतो. मिरवणुकीचे संगीत रस्त्यावरच शोभते. ताइशोगोतो शिकवणारे वर्ग आणि त्यांचे वार्षिक मेळावे हा दुसरा श्रोतृवर्ग, आणि तो अधिक मोलाचा, कारण ही माणसे स्वतः वाजवतात. बेंजो मास्टरने त्यांच्यापुढे तासाभराचे प्रात्यक्षिक दिले, हळदीच्या एका गाण्याची धून आकड्यांत लिहून दिली आणि त्यांच्याबरोबर वाजवली, तर शिष्यत्वाचे तेच नाते सुरू होते ज्यावर हिंदुस्थानी संगीत तिथे उभे आहे. सादरीकरणातून मिळणाऱ्या टाळ्यांपेक्षा अशा दोन-तीन वर्गांचे निमंत्रण पुढच्या वर्षासाठी जास्त कामाचे.

नावाची एक अडचण आधीच सोडवावी लागते. ‘बेंजो’ हा उच्चार जपानीत शौचालयाला वापरल्या जाणाऱ्या जुन्या शब्दासारखा आहे. त्यामुळे फलकावर, सीडीवर, इंटरनेटवर ‘भारतीय ताइशोगोतो’ किंवा ‘बुलबुल तरंग’ हेच लिहावे. चमूचे आणि प्रत्येक वादकाचे नाव कातकाना या परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत एकदाच ठरवून सगळीकडे तसेच छापावे, कारण स्पेलिंग बदलले की जपानी शोधात कलाकार सापडत नाही. यूट्यूबवर बेंजो पार्ट्यांचे व्हिडिओ मुबलक आहेत. शीर्षके मात्र मराठी-हिंदीत असतात आणि त्यांत बहुधा नवरदेवाचे नाव, गावाचे नाव आणि पार्टीचा मोबाइल क्रमांक एवढेच असते. जपानी शीर्षक, वाद्याचे नाव आणि वादकाचे नाव जोडणे हे बिनखर्चाचे काम आहे.

जपानमधल्या भारतीयांचा आधार किती घ्यावा, यावर मतभेद होतात. उल्हासनगरला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने लागू आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच समाजाच्या व्यापारी पेढ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून योकोहामात होत्या. १९२३ च्या भूकंपानंतर बरेच व्यापारी कोबेला गेले आणि तिथे सिंधी वस्ती आजही आहे. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, उल्हासनगरात ढोल-शहनाईवर छेज हा नाच करणाऱ्या समाजाचे नातेसंबंध असे थेट कोबेपर्यंत जातात. दुसरीकडे टोकियोच्या एदोगावा विभागातले निशी-कासाई हे भारतीय संगणक अभियंत्यांचे ठिकाण झाले आहे. २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक तिथल्या विभाग परिषदेवर निवडून आले. तोक्यो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो, योयोगी उद्यानात ‘नमस्ते इंडिया’ हा मेळा भरतो.

ही मंडळी पहिल्या प्रवासाला आधार देऊ शकतात. राहण्याची सोय, दुभाषी, मुख्य म्हणजे विश्वास. पण मंडळाच्या गणपतीपुढे वाजवून परत येणे आणि जपानी श्रोता मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. परदेश दौऱ्यावर गेलेले अनेक भारतीय कलाकार आपल्याच लोकांसमोर गाऊन येतात आणि जाहिरातीत त्या देशाचे नाव लावतात. त्यात गैर काही नाही, फक्त बाजारपेठ त्याने उघडत नाही. मंडळाने कार्यक्रमाला शेजारच्या ताइशोगोतो वर्गाला बोलावले, निवेदन जपानीतही ठेवले, तर एकाच संध्याकाळी दोन्ही कामे साधतात.

व्यवहाराच्या बाजूला जपान अतिशय काटेकोर आहे आणि इथली सुपारीची पद्धत तिथे चालत नाही. इसार देऊन तोंडी तारीख पक्की करायची, निघायच्या आदल्या दिवशी दोन वादक बदलायचे, ही इथली नित्याची रीत. तिथे बिदागी घेऊन वाजवायचे तर पर्यटक व्हिसा चालत नाही. मनोरंजन-व्यवसायाच्या वर्गातला व्हिसा लागतो आणि त्यासाठीचे पात्रता प्रमाणपत्र जपानमधल्या यजमान संस्थेने तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून काढावे लागते. त्याला एक ते तीन महिने लागू शकतात आणि प्रत्येक वादकाचे नाव अर्जात असते. म्हणून यजमान मिळण्याआधी तारीख ठरवण्यात अर्थ नाही. अनिवासी कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे २०.४२ टक्के कर मुळातच कापला जातो. करारात लिहिलेली रक्कम कापण्याआधीची की नंतरची, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि कापलेल्या कराचा दाखला इथल्या विवरणपत्रासाठी जपून ठेवावा.

लहान संगीतगृहांत, ज्यांना तिथे ‘लाइव्ह हाउस’ म्हणतात, नवख्या चमूला ठरावीक तिकिटे खपवण्याची हमी द्यावी लागते. खपली नाहीत तर फरक स्वतः भरायचा. तिथे ओळखदेख नसलेल्या परदेशी चमूसाठी हा सौदा तोट्याचा आहे, तो टाळलेला बरा. त्याऐवजी स्थानिक जपानी वादकांबरोबर संयुक्त कार्यक्रम करावा, म्हणजे त्यांचा श्रोता आपोआप मिळतो. कार्यक्रमानंतर दाराजवळच्या टेबलावर होणारी विक्री हे उत्पन्नाचे मोठे साधन आहे. सीडी, टीशर्ट आणि गळ्यात घालायचा टॉवेल घेऊन त्यावर सही घेण्यासाठी श्रोते रांगेत शांतपणे उभे राहतात. कलाकार तिथे स्वतः उभा असणे अपेक्षित असते. तो आधीच निघून गेला तर विक्रीही जाते आणि मनही दुखावते.

विजेचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण बेंजो पार्टीचे सगळे त्यावर चालते. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे. २३० व्होल्टसाठी बांधलेला अॅम्प्लिफायर तिथे नीट चालणार नाही. रस्त्यावर मिरवणूक काढायला पोलिसांचा परवाना लागतो आणि आवाजाची मर्यादा काटेकोर पाळावी लागते. टेम्पोवरचे भोंगे न नेता तिथेच साधने भाड्याने घ्यावीत. त्या खरखरीशिवाय बेंजो हा बेंजो राहत नाही, ही वादकांची तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे एखादा छोटा भोंगा सोबत नेणे आणि तो मर्यादित आवाजात, मंचावरच्या वाद्यासारखा वापरणे.

हक्कांचा प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि तो इथेच सोडवावा लागतो. बेंजो पार्ट्या बहुतेक करून चित्रपटगीते वाजवतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात तसे वाजवायला जपानमध्ये फारशी अडचण नसते, कारण सभागृहे आणि आयोजक जास्राक या १९३९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमार्फत रचनाकारांचे पैसे भरतात. वाजवलेल्या गाण्यांची यादी तेवढी अचूक द्यावी लागते. सीडी काढायची म्हटली की मात्र प्रत्येक चालीची परवानगी हवी. शिवाय जपानी श्रोत्याला हिंदी चित्रपटगीताची बेंजो आवृत्ती नको असण्याची शक्यताच जास्त, कारण मूळ गाणे त्याला माहीत नसते. आगरी-कोळी हळदीची गाणी, गणपतीची आणि गोविंद्याची गाणी, भीमगीते, सिंधी लग्नांतले लाडे या ऐवजातूनच वेगळा आल्बम उभा राहू शकतो. यांपैकी काही गाणी पारंपरिक आहेत, तर काहींचे शाहीर, कवी आणि संगीतकार ठाऊक आहेत किंवा त्यांचे वारस हयात आहेत. कोणते गाणे कोणत्या गटात मोडते, हे एकेका गाण्यापुरते शोधून, संबंधितांची लेखी संमती घेऊन आणि वादकांसकट सगळ्यांची नावे लिहून काढावी लागतील. हळद गाणाऱ्या आजीबाई, ज्यांना धवलारीण म्हणतात, त्यांची नावे कॅसेटवर क्वचितच नीट येतात. जपानी आवृत्तीच्या पुस्तिकेत त्यांचे नाव, गाव आणि त्यांनी गायलेल्या ओळींचा अनुवाद असणे आवश्यकच आहे, कारण तिथला ग्राहक ते वाचूनच पैसे मोजतो. ध्वनिमुद्रणही हळदीच्या मांडवात, पण स्वतंत्र ट्रॅकवर व्हावे. ढोल, बेंजो आणि आवाज वेगळे मिळाले तरच तिथला ध्वनितंत्रज्ञ त्यातून काही करू शकतो. एवढी तयारी अंबरनाथ-बदलापूरमध्ये पूर्ण झाली की मग नागोयातल्या यजमानाला पत्र लिहायचे.